एल. फ्रँक बाउम : ओझचा कर्ता आणि त्याचे संग्राहक

लायमन फ्रँक बाउम यांचा जन्म १५ मे १८५६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील चिटेनँगो येथे झाला. रंगभूमी, दुकानदारी, पत्रकारिता, फिरती विक्री असे अनेक व्यवसाय केल्यानंतर १९०० मध्ये त्यांनी डेन्स्लो यांच्या चित्रांसह 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ओझ' प्रसिद्ध केले. १९१० मधील सहाव्या पुस्तकात ओझचा बाह्य जगाशी संबंध तोडून त्यांनी ही मालिका संपवली. परंतु बालवाचकांचा आग्रह आणि १९११ मधील दिवाळखोरी यांमुळे १९१३ मध्ये त्यांना ओझकडे परतावे लागले. ६ मे १९१९ रोजी हॉलिवूड येथे त्यांचे निधन झाले. चौदावे पुस्तक १९२० मध्ये मरणोत्तर प्रकाशित झाले.

समीक्षकांनी दीर्घकाळ उपेक्षिलेल्या या लेखकाच्या अभ्यासाचा पाया बव्हंशी चाहत्यांनी घातला. १९५७ मध्ये 'इंटरनॅशनल विझर्ड ऑफ ओझ क्लब' स्थापन झाला व 'द बाउम ब्यूगल' हे त्याचे नियतकालिक निघू लागले. संग्राहकांनी मुद्रणातील व बांधणीतील भेद पडताळून प्रथमावृत्तींची निश्चिती केली. 'एडिथ व्हॅन डाइन' आदी टोपणनावांनी लिहिलेल्या पुस्तकांच्या सूची केल्या.

तथापि चरित्रसाधनांची निवड केवळ प्रेमाने करता येत नाही. १८९० व १८९१ मध्ये ॲबरडीन येथील आपल्या साप्ताहिकात बाउम यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या समूळ उच्छेदाची मागणी करणारे अग्रलेख लिहिले होते. ओझमधील करुणा आणि ही क्रूरता एकाच लेखणीतून उतरली आहे. बाउम यांच्या चरित्रात दोन्हींना स्थान देणे अभ्यासकाला टाळता येणार नाही.