वकीलसाहेबांचं ऑफलाइन गाणं

मागच्या गॅदरिंगला आमच्या ग्रुपची चांगलीच फजिती झाली. गाणाऱ्यांसाठी आम्ही एक ॲप बनवलं होतं. तानपुरा, बंदिशीचे शब्द, स्वर, सगळं एकाच स्क्रीनवर. लॅबमध्ये झकास चालायचं. कार्यक्रमाच्या दिवशी मांडवात शेकडो मोबाईल, नेटवर्क पार झोपलेलं, आणि आमचा तानपुरा येणार सर्व्हरवरून! मैत्रिणीने आलाप सुरू केला आणि तानपुरा थांबला. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. ती बिचारी पेटीच्या षड्जावर कशीबशी पुढे गायली. चूक सर्वस्वी आमची. स्टेजवर जे लागणार ते आधीच फोनमध्ये उतरवून ठेवायचं आणि फोन फ्लाइट मोडवर टाकायचा (नाहीतर ऐन तानेत मामाचा फोन येतो), एवढी साधी अक्कल आम्हाला नव्हती. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या भजनी मंडळांना ती केव्हाचीच आहे. त्यांची हाताने लिहिलेली अभंगांची वही लाईट गेली तरी कंदिलाच्या उजेडात चालते.

ॲप दुरुस्त करताना प्रश्न आला की बंदिश फोनमध्ये लिहून ठेवायची कशी? तेव्हा पंडित विष्णू नारायण भातखंडे यांची खरी ओळख झाली. नाव ऐकून होते, पण माणूस माहीत नव्हता.

जन्म १० ऑगस्ट १८६० चा, मुंबईत वाळकेश्वरला, तोही गोकुळाष्टमीचा. लहानपणी बासरी, मग सतार. १८८५ मध्ये बी. ए., १८८७ मध्ये एलएल. बी. काही दिवस कराचीला वकिली केली, मग मुंबईत. पण ओढा सगळा गाण्याकडे. पारशी मंडळींच्या गायन उत्तेजक मंडळीत ते जायचे आणि तिथे येणाऱ्या उस्तादांकडून, बुवांकडून शेकडो चिजा शिकले.

तेव्हाची परिस्थिती आपल्या भाषेत सांगायची तर सर्व्हर एकच आणि पासवर्ड उस्तादांकडे. चीज गवयाच्या गळ्यात असायची. त्याची मर्जी असेल तर शिष्याला मिळणार, नाहीतर नाही. घराण्याची म्हणून लपवून ठेवायची आणि तो गेला की चीजही गेली. बॅकअप नाहीच! एकच राग दोन घराण्यांत दोन तऱ्हांनी गायला जायचा, आणि कोणता बरोबर यावर नुसती भांडणं.

१९०० साली भातखंड्यांची पत्नी गेली, १९०३ मध्ये मुलगीही. घरात कोणी उरलं नाही. दुसरा एखादा खचून गेला असता. हे १९०४ मध्ये दक्षिणेच्या प्रवासाला निघाले. गावोगावी पंडितांना भेटले, जुनी हस्तलिखितं पाहिली. व्यंकटमखीची ७२ मेळांची रचना त्यांनी तिथे अभ्यासली. पुढच्या काही वर्षांत उत्तर हिंदुस्थान पालथा घातला. आपले राग त्यांनी १० थाटांत बसवले. अखेर चालती वकिलीही सोडून दिली.

आता त्यांची स्वरलिपी. मला तर ही फाइल फॉरमॅटच वाटते. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. समेला गुणाकाराची फुली, खालीला शून्य. स्वर लांबला तर डॅश, शब्दातलं अक्षर लांबलं तर अवग्रह. एका मात्रेत दोन-तीन स्वर आले तर खाली कंस. बस्स! छापखान्यात जुळवायला सोपं, वहीत पेन्सिलीने लिहायला सोपं. पलुस्करबुवांचीही त्याच काळात स्वतंत्र लिपी होती, पण तिच्यात खुणा जास्त. भातखंड्यांची सोपी म्हणून जास्त पसरली.

अर्थात सोपं करताना काहीतरी गळतंच. दरबारी कानड्यातला गंधार कोमल आणि भीमपलासीतलाही कोमल. कागदावर दोघांखाली तीच एक रेघ. पण दरबारीतला गंधार संथ डुलतो, तो डुलणारा गंधार त्या रेघेत नाही. एमपीथ्री करताना आपण काही माहिती टाकून देतो ना, तसंच. तो गुरूसमोर बसूनच गळ्यात उतरतो. आणखी एक गोष्ट मला खटकते. ज्या उस्तादांकडून एवढ्या चिजा मिळाल्या, त्यांच्या अशिक्षितपणावर भातखंडे पुष्कळ ठिकाणी फार कडक बोलले आहेत. असो.

पुस्तकं मात्र त्यांनी ढिगाने लिहिली. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' चार भागांत, मराठीत, आणि तीही गुरु-शिष्यांच्या गप्पांसारखी. क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत हजारावर चिजा स्वरलिपीसकट. स्वतःचं नाव पुढे करायची हौस नव्हती म्हणून कुठे विष्णुशर्मा, तर संस्कृत ग्रंथाला चतुरपंडित अशी टोपणनावं घेतली. १९१६ मध्ये बडोद्याला त्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. ग्वाल्हेर दरबाराने राजाभैया पूछवाल्यांसारखे तयार गवई त्यांच्याकडे मुंबईला लिपी शिकायला पाठवले. विचार करा, मैफल गाजवणारी माणसं पाटी-पेन्सिल घेऊन वकिलासमोर बसली! १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झालं, १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज. तिथे पुढे त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर प्राचार्य झाले.

१९३३ मध्ये भातखंड्यांना अर्धांगाचा झटका आला. अंथरुणाला खिळले ते उठले नाहीत. १९ सप्टेंबर १९३६ ला, गणेशचतुर्थीच्या दिवशी ते गेले. क्रमिक पुस्तकांचे शेवटचे भाग तेव्हा छापून व्हायचे होते. ते त्यांच्यामागे बाहेर आले.

आमच्या ॲपमध्ये आता बंदिशी त्यांच्याच लिपीत आहेत. शंभर बंदिशींची फाइल एका फोटोपेक्षाही लहान होते. फक्त खालची रेघ आणि वरची टिंबं काही फोनवर अजून नीट दिसत नाहीत, त्यावर काम चालू आहे. तोपर्यंत मैत्रीण स्टेजवर वही घेऊनच जाते.