लोहखनिजाचा शोधक आणि उद्योगयुगाचा टीकाकार

जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याचे श्रेय जमशेटजी टाटांच्या द्रष्टेपणाला दिले जाते, ते योग्यच आहे. मात्र तो साक्ची या गावी का उभा राहिला, याचे उत्तर एका भूशास्त्रज्ञाच्या पत्रात सापडते. मयूरभंज संस्थानातील गोरुमहिसानीच्या डोंगरात उत्तम प्रतीचे लोहखनिज विपुल असून झरियाच्या कोळसा खाणीही फार दूर नाहीत, असे प्रमथनाथ बोस यांनी २४ फेब्रुवारी १९०४ रोजी जमशेटजींना कळवले.

बोस यांचा जन्म १८५५ मध्ये बंगालमधला. शिष्यवृत्तीवर ते लंडनला गेले आणि १८८० मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात अधिकारीपदावर रुजू झाले. वरिष्ठ पदे इंग्रजांसाठी जणू राखीव असण्याचा तो काळ होता. नर्मदेचे खोरे, दार्जिलिंग, ब्रह्मदेश असा प्रदेश त्यांनी पायाखाली घातला. रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोहउद्योगावर त्यांनी १८८७ मध्ये लिहिले. तेथे स्थानिक लोक कोळशाच्या लहान भट्ट्यांत पिढ्यान्‌पिढ्या लोखंड गाळत आले होते. नागपूरच्या संग्रहालयातील भूशास्त्रीय नकाशा पाहून दोराबजी टाटा याच परिसरातील धल्ली-राजहराच्या डोंगरांकडे वळले. कोळसा व पाणी जवळ नसल्याने तो बेत मागे पडला; पुढे याच डोंगरांवर भिलाईचा कारखाना चालला.

१९०३ मध्ये त्यांना डावलून वयाने व सेवेने कनिष्ठ असलेल्या टॉमस हॉलंड यांना सर्वेक्षणाचे संचालक नेमण्यात आले. बोस यांनी राजीनामा दिला आणि मयूरभंजच्या महाराजांकडे भूशास्त्रज्ञ म्हणून काम पत्करले. गोरुमहिसानीचा शोध त्याच सेवेतला. जमशेटजी मे १९०४ मध्ये निवर्तले. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१२ मध्ये पोलाद तयार होऊ लागले. दरम्यान स्वदेशी चळवळीत १९०६ साली स्थापन झालेल्या बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूटचे ते पहिले प्राचार्य झाले. आजच्या जादवपूर विद्यापीठाची मुळे त्या संस्थेत आहेत.

देशी उद्योगांचा हा पुरस्कर्ता उत्तरायुष्यात मात्र उद्योगप्रधान संस्कृतीचाच कठोर परीक्षक झाला. रांचीत स्थायिक झालेल्या बोस यांनी १९१३ मध्ये मानवी संस्कृतीच्या टप्प्यांवर आणि १९१६ मध्ये नव्या भारताच्या भ्रमांवर ग्रंथ लिहिले. गरजा वाढवत नेणे म्हणजे प्रगती नव्हे. भौतिक समृद्धी ही संस्कृतीची खालची पायरी असून नैतिक विकास ही वरची, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९३४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांची टीका संस्कृतीविषयी होती. उजाड डोंगर, लालसर झालेले ओढे किंवा विस्थापितांचे पुनर्वसन हे आजच्या अर्थाचे पर्यावरणप्रश्न त्यांनी मांडले, असा दावा करणे अनैतिहासिक ठरेल. तरीही त्यांचा प्रश्न खाणधोरणाच्या मुळाशी भिडतो. मयूरभंजमधला व्यवहार दरबार आणि कंपनी यांच्यात झाला. स्वामित्वधन दरबाराला मिळाले. डोंगराच्या पायथ्याशी राहणारे संथाळ आणि हो त्या व्यवहारात पक्षकार नव्हते. खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने कायद्याने उभी राहण्यास २०१५ साल उजाडावे लागले. खनिज अधिकारांवर कर लावण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मान्य केला. दोन्ही पावले महत्त्वाचीच; परंतु दोन्हींचा भर उत्पन्न कोणाला किती मिळावे, यावर आहे. किती खनिज काढावे आणि कोणत्या गरजेसाठी, हा बोस यांचा प्रश्न त्या हिशेबात बसत नाही.

खनिजाचे साठे मर्यादित आहेत आणि फोडलेला डोंगर परत उभा राहत नाही. बोस यांचे नकाशे देशाने पुरेपूर वापरले. खाणपट्ट्यांचे लिलाव करताना त्यांचा प्रश्नही धोरणकर्त्यांच्या टेबलावर असायला हवा.