कारोलोस कून आणि ‘थेआत्रो तेख्निस’

आधुनिक ग्रीक रंगभूमीचा अभ्यास दिग्दर्शक कारोलोस कून (१९०८–१९८७) यांना वगळून करता येत नाही. आशिया मायनरमधील बुर्सा हे त्यांचे जन्मस्थान. बालपण इस्तंबूलमध्ये गेले. पुढे ‘अथेन्स कॉलेज’ या शाळेत ते इंग्रजी शिकवू लागले आणि तेथील मुलांकडून त्यांनी अ‍ॅरिस्टोफेनीसची नाटके बसवून घेतली. त्यांच्या दिग्दर्शनाचा आरंभ असा व्यावसायिक रंगमंचाबाहेर झाला, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

१९४२ मध्ये, परकीय सैन्याच्या ताब्यातील आणि दुष्काळाने खंगलेल्या अथेन्समध्ये, त्यांनी ‘थेआत्रो तेख्निस’ म्हणजे ‘कला-रंगभूमी’ ही नाट्यसंस्था स्थापन केली. पहिला प्रयोग इब्सेनच्या ‘वाइल्ड डक’चा होता. अन्नाची भ्रांत असताना इब्सेन कशाला, असा प्रश्न कोणासही पडेल. कून यांच्या लेखी मात्र नाटक ही सुबत्तेच्या काळासाठी राखून ठेवण्याची चैन नव्हती. युद्धानंतर त्यांनी टेनेसी विल्यम्सची नाटके ग्रीक प्रेक्षकांसमोर आणली. आर्थिक ओढाताणीमुळे संस्था काही वर्षे बंद पडली. १९५४ मध्ये ती एका तळघरातील छोट्या नाट्यगृहात पुन्हा उभी राहिली. तेथे प्रेक्षक नटांना वेढून बसत. ब्रेख्तबरोबरच कांबानेलिस यांच्यासारख्या ग्रीक नाटककारांनाही तेथे स्थान मिळाले.

खरी कसोटी १९५९ मध्ये लागली. इ.स.पू. ४१४ मधील अ‍ॅरिस्टोफेनीसचे ‘पक्षी’ हे नाटक कून यांनी हेरोडेस अ‍ॅटिकसच्या प्राचीन प्रेक्षागारात सादर केले. भाषांतर वासिलिस रोतास यांचे, संगीत मानोस हाजिदाकिस यांचे आणि नेपथ्य यानिस त्सारूखिस यांचे होते. नाटकातील पुरोहित ऑर्थोडॉक्स चर्चमधील धर्मगुरूच्या ढंगात मंत्र म्हणू लागताच प्रेक्षागारात गदारोळ झाला. दुसऱ्या दिवशी मंत्री कॉन्स्टँटिनोस त्सात्सोस यांनी पुढील प्रयोगांवर बंदी घातली.

हा वाद केवळ धर्मभावनेचा नव्हता, असे प्रस्तुत लेखकास वाटते. रोतास यांचे भाषांतर लोकभाषेत होते, आणि शासनव्यवहाराची भाषा अद्याप शुद्धीकृत ‘काथारेवुसा’ होती. प्राचीन वारसा कोणाच्या तोंडी शोभतो, हा प्रश्न त्या बंदीमागे दडलेला होता. अभिजात संहितेला बाजारातल्या माणसाची बोली आणि चर्चमधले सूर देऊन कून यांनी ती संग्रहालयातून बाहेर काढली होती.

तीनच वर्षांनी, १९६२ मध्ये, पॅरिसच्या ‘थिएटर ऑफ नेशन्स’ महोत्सवात याच प्रयोगाला प्रथम पारितोषिक मिळाले. एपिडॉरसच्या प्राचीन रंगमंदिरात मात्र कून यांच्या संस्थेला पाऊल ठेवता आले ते १९७५ मध्ये, लष्करी राजवट कोसळल्यानंतर. आणि तेथेही त्यांनी ‘पक्षी’च सादर केले.