गौहर जान : कोलकात्याच्या चितपूर रस्त्यावरून घराघरांत पोहोचलेला आवाज

भारतात ध्वनिमुद्रित संगीताचा बाजार उभा राहिला तो कोलकात्यात आणि त्या बाजाराची पहिली सम्राज्ञी ठरली ती गौहर जान. स्वतः गाणारी, स्वतः पद्यरचना करणारी आणि आपल्या कलेचे मोल स्वतः ठरविणारी ही गायिका विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत देशातील सर्वाधिक खपाच्या ध्वनिमुद्रिकांची धनी होती. तिचे छायाचित्र ऑस्ट्रियात तयार होणाऱ्या काड्यापेट्यांवरही झळकले होते. मराठी रसिक मात्र गौहर म्हटले की अनेकदा बालगंधर्वांच्या सहवासातील गोहरबाई कर्नाटकींचा विचार करतात. त्या निराळ्या, आणि पुढच्या पिढीतील.

गौहर जान यांचा जन्म २६ जून १८७३ रोजी आझमगढ येथे झाला. जन्मनाव अँजेलिना योवर्ड. वडील रॉबर्ट विल्यम योवर्ड हे आर्मेनियन वंशाचे, बर्फाच्या कारखान्यात अभियंता होते. आई व्हिक्टोरिया यांना गाण्याची आणि काव्याची उत्तम जाण होती. १८७९ मध्ये हा विवाह मोडला. पुढे मायलेकी बनारसला गेल्या व त्यांनी इस्लाम स्वीकारला. आई मलका जान झाली, मुलगी गौहर जान. मलका जान यांनी बनारसमध्ये गायिका आणि कवयित्री म्हणून नाव कमावले आणि १८८३ मध्ये मुलीला घेऊन कोलकाता गाठले.

त्या काळी कोलकाता ही ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी होती, तशीच ती उत्तरेतील संगीताचीही मोठी पेठ झाली होती. पदच्युत झालेले अवधचे नवाब वाजिद अली शाह शहराच्या दक्षिणेस मटियाबुर्ज येथे आपल्या गवयांसह वस्ती करून होते. या दरबारात मलका जान यांना आश्रय मिळाला. अवघ्या काही वर्षांत त्यांनी चितपूर रस्त्यावर चाळीस हजार रुपयांना घर विकत घेतले. हा रस्ता आज रवींद्र सरणी म्हणून ओळखला जातो.

मुलीच्या शिक्षणात आईने कसूर केली नाही. पतियाळाचे काले खाँ, रामपूरचे वझीर खाँ यांच्याकडून गायनाची तालीम, लखनौचे बिंदादीन महाराज यांच्याकडून कथक, चरणदास यांच्याकडून बंगाली कीर्तन. उर्दू, फारसी, बंगाली, इंग्रजी या भाषा तिने आत्मसात केल्या. ‘हमदम’ या टोपणनावाने ती गझला लिहू लागली. १८८७ मध्ये दरभंगा संस्थानात तिची पहिली मैफल झाली आणि तेथेच तिला दरबारी नेमणूक मिळाली. वय चौदा.

ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग १९०२ च्या अखेरीस कोलकात्यात उतरले, तेव्हा गौहर जान हे शहरातील एक प्रस्थापित नाव होते. ११ नोव्हेंबर १९०२ रोजी एका हॉटेलच्या खोलीत उभारलेल्या तात्पुरत्या स्टुडिओत तिचे ध्वनिमुद्रण झाले. हे भारतात झालेले पहिले ध्वनिमुद्रण होते, असे सर्रास लिहिले जाते. काटेकोरपणे पाहिल्यास तो मान शशिमुखी आणि फणीबाला या रंगभूमीवरील दोन तरुणींकडे जातो, ज्यांचा आवाज त्याआधी तीनच दिवस मुद्रित झाला होता. परंतु लोकांनी पैसे मोजून घरी नेला, तो गौहरचा आवाज.

त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. गायकाने भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून पूर्ण ताकदीने गायचे; त्या आवाजाच्या कंपनांनी मेणाच्या चकतीवर सुई रेघ ओढायची. चूक झाली की चकती वाया. शिवाय सारे गाणे जेमतेम तीन मिनिटांत संपवायचे. रात्रभर चालणाऱ्या बैठकींच्या संस्कारात वाढलेल्या उस्तादांना ही कल्पनाच मानहानीकारक वाटली. यंत्राने आवाज चोरला जातो, अशीही समजूत होती. तवायफांनी मात्र हे आव्हान स्वीकारले आणि त्यात गौहर अग्रभागी होती. आलापाला जवळजवळ फाटा द्यायचा, अस्थायी-अंतरा नेमका मांडायचा, दोन-चार लखलखीत ताना घ्यायच्या आणि वेळेत थांबायचे, हा आकृतिबंध तिने सिद्ध केला. तो पुढे कितीतरी दशके सर्वांनीच गिरवला. तिच्या या कामगिरीची संगीताच्या इतिहासात दखल घेतली जाते ती बहुधा गमतीजमतींच्या अंगाने, हे अन्यायाचे आहे.

गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव मोठ्याने सांगत असे. तिचा हा तोरा म्हणजे मिजास असावी असे आज ऐकणाऱ्यास वाटते. खरे कारण व्यावहारिक होते. मेणाच्या चकत्या जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तेथे त्यांच्यापासून लाखेच्या तबकड्या तयार होत. कोणती तबकडी कोणाची, हे तेथील कारागिरांना कळावे म्हणून ही घोषणा. १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदह येथे कारखाना सुरू झाला आणि तबकड्या येथेच तयार होऊ लागल्या. १९०२ ते १९२० या काळात तिच्या सुमारे सहाशे ध्वनिमुद्रिका निघाल्या. दहाहून अधिक भाषांतील या गाण्यांत मराठीचाही समावेश होतो. एका बैठकीसाठी ती तीन हजार रुपये घेई, असे सांगितले जाते. ती दर वेळी नवे दागिने घालून येई, ही नोंद खुद्द गायसबर्ग यांची.

तिच्या ऐश्वर्याच्या कथा अनेक आहेत. मांजरीला पिल्ले झाली म्हणून वीस हजारांची मेजवानी, चार घोड्यांच्या बग्गीतून फिरल्याबद्दल सरकारने केलेला एक हजाराचा दंड. यांतील किती खऱ्या, किती वाढवलेल्या, हा भाग अलाहिदा. डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या दिल्ली दरबारात अलाहाबादच्या जानकीबाईंसह ती गायिली, हे मात्र निर्विवाद. कवी अकबर इलाहाबादी यांनी ‘गौहर’ आणि ‘शौहर’ या शब्दांवर कोटी करून, हिला देवाने नवऱ्यावाचून सारे दिले आहे, अशा आशयाचा शेर तिला लिहून दिल्याची हकिकतही प्रसिद्ध आहे.

त्या विनोदामागचे वास्तव कटू होते. गुजराती नट अमृत केशव नायक यांच्याशी मुंबईत जुळलेले तिचे नाते १९०७ मध्ये त्यांच्या अकाली निधनाने संपले. त्याच्या आदल्याच वर्षी आईचा मृत्यू झाला होता. आईच्या घरात वाढलेल्या भगलू याने आपणच मलका जान यांचे पुत्र व वारस असल्याचा दावा न्यायालयात केला. देशातील सर्वांत प्रसिद्ध गायिकेवर आपण कोणाची मुलगी आहोत हे सिद्ध करण्याची वेळ आली. ज्याने तिला लहानपणीच सोडले होते, त्या पित्याला शोधून त्याची साक्ष मिळवावी लागली. खटला ती जिंकली. पुढे आपल्याहून वयाने लहान असलेला सचिव अब्बास याच्याशी तिने विवाह केला आणि मालमत्ता त्याच्या नावे केली. विश्वासघात लक्षात आल्यावर पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली. जी स्त्री आपल्या तीन मिनिटांच्या गाण्याची किंमत कंपनीकडून चोख वसूल करीत असे, तिची आयुष्यभराची कमाई वकिलांच्या फीपायी आटत गेली.

दरम्यान गाण्याचा बाजारही बदलत होता. नव्या गायिका आल्या, १९२० च्या दशकाच्या मध्यास विजेवर चालणारा मायक्रोफोन आला आणि कर्ण्यात ओरडून गाण्याची गरज उरली नाही. कोलकाता सोडून गौहर काही काळ दार्जिलिंगला राहिली. अखेर म्हैसूरचे महाराज कृष्णराज वाडियार चौथे यांनी तिला बोलावून घेतले. १ ऑगस्ट १९२८ रोजी दरबारी गायिका म्हणून तिची नेमणूक झाली. वेतन दरमहा पाचशे रुपये, राहण्यास ‘दिलखुश’ नावाचा बंगला.

ही नोकरी दीड वर्षही टिकली नाही. १७ जानेवारी १९३० रोजी म्हैसूरच्या कृष्णराजेंद्र रुग्णालयात गौहर जान यांचे निधन झाले. वय ५६ वर्षे होते.