इब्ने मुकला : अक्षराला माप देणारा वजीर

अरबी मथळ्यांसाठी छापील अक्षरांचे नवे, ठसठशीत वळण घडविणारे अनेक कलाकार आजही अलिफची उंची ठिपक्यांनी मोजतात. बोरूने लिहावयास शिकणारी आपली मुलेही उस्तादांसमोर तेच करतात. ही मोजणी ज्यांच्या नावाने सांगितली जाते ते अबू अली मुहम्मद इब्ने मुकला बगदादचे. त्यांचा जन्म इ.स. ८८६ च्या सुमारास झाला.

फार्स प्रांतात महसूल गोळा करण्याच्या कामापासून त्यांनी सुरुवात केली. ९२८ मध्ये ते खलीफा अल्-मुक्तदिर यांचे वजीर झाले आणि पुढे अल्-काहिर व अर्-रादी या खलीफांच्या काळातही हे पद त्यांच्याकडे आले.

त्या काळी दफ्तरातील लेखनिक आपापल्या सवयीने लिहीत. इब्ने मुकलांनी अक्षराला हिशेब दिला. बोरूचे तिरपे टोक कागदावर टेकविले की चौकट आकाराचा ठिपका उमटतो. असे ठिपके एकावर एक रचून अलिफची उंची ठरवावयाची, तीच उंची व्यास धरून वर्तुळ काढावयाचे, आणि इतर अक्षरांचे बाक त्या वर्तुळाच्या आधाराने बसवावयाचे. बोरू जाड असो वा बारीक, ठिपका त्याच प्रमाणात बदलतो. त्यामुळे अक्षर लहान काढा की भिंतीएवढे, त्याचा तोल ढळत नाही. भूमिती कंटाळवाणी वाटणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे एकदा करून पाहावे.

त्यांचे राजकारण मात्र त्यांच्या अक्षरासारखे सरळ नव्हते. अल्-काहिर यांना पदच्युत करण्याच्या कटात ते स्वतः सामील होते. पुढे सेनापती इब्ने राइक यांनी त्यांची मालमत्ता जप्त केली. तेव्हा इब्ने मुकलांनी त्यांच्याविरुद्ध कारस्थान रचले. ते उघडकीस आले आणि त्यांचा उजवा हात तोडण्यात आला. ज्या हाताने दोनदा कुरआन शरीफ लिहिले तोच हात चोराच्या हातासारखा कापला गेला, याचे त्यांना फार दुःख झाले, असे चरित्रकार लिहितात. तरीही मनगटाला बोरू बांधून ते लिहीत राहिले. वजीरपदाची आशाही सुटली नाही. मग जीभही कापली गेली, आणि ९४० मध्ये तुरुंगातच त्यांचा अंत झाला. तीन वेळा वजीर झालेल्या या माणसाचे दफनही तीन वेळा झाले, असे जुने इतिहासकार नोंदवितात.

निर्विवादपणे त्यांच्या हातचा म्हणता येईल असा एकही कागद आज उरलेला नाही. त्यांची पद्धत पुढे इब्ने अल्-बव्वाब (मृत्यू १०२२) यांनी अधिक देखणी केली. त्यांनी बगदादला १०००-०१ मध्ये लिहिलेली कुरआन शरीफची प्रत डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. तिचे छायाचित्र मिळाल्यास पालकांनी मुलांना जरूर दाखवावे, आणि अलिफ किती ठिपक्यांचा आहे ते त्यांच्याकडूनच मोजवून घ्यावे.