‘भौगोलिक कारणे लिहा’: हा प्रश्न घेऊन जग फिरलेला अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट

दहावीचा भूगोलाचा पेपर आठवतो का? त्यात एक प्रश्न हमखास असायचा: भौगोलिक कारणे लिहा. अमुक भागात लोकवस्ती दाट का? तमुक भागात शेती कमी का? मग आपण हवामान, जमीन, पाणी, वाहतूक असे मुद्दे एकाखाली एक लिहायचो आणि गुण मिळवायचो.

प्रत्यक्षात मात्र हे मुद्दे असे सुटे नसतात. डोंगरावरचं जंगल तुटलं की खालचं पाणी हलतं, पाणी हललं की पीक बदलतं आणि पीक बदललं की माणसांचं जगणं बदलतं. ही साखळी मोजमापं घेऊन जगापुढे मांडणाऱ्या सुरुवातीच्या माणसांमध्ये सर्वांत मोठं नाव आहे अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट. आधुनिक भूगोलाच्या जनकांमध्ये त्याची गणना होते. या माणसाला हिमालय पाहायचा होता आणि तो त्याला कधीच पाहू दिला गेला नाही. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर त्याचं आयुष्य सुरुवातीपासून पाहावं लागेल.

खाण खात्यातला तरुण अधिकारी

हम्बोल्टचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी बर्लिनमध्ये झाला. तेव्हा जर्मनी हा एकसंध देश नव्हता. बर्लिन ही प्रशिया या राज्याची राजधानी होती. घर श्रीमंत होतं, पण तो नऊ वर्षांचा असतानाच वडील वारले. थोरला भाऊ विल्हेल्म पुढे मोठा भाषाभ्यासक झाला आणि बर्लिन विद्यापीठाच्या स्थापनेत त्याचा मुख्य वाटा होता. दोन्ही मुलांनी सरकारी नोकरीत नाव काढावं, अशी आईची इच्छा होती.

धाकट्याचं मन मात्र प्रवासात होतं. कॅप्टन कुकबरोबर जग फिरून आलेल्या गेओर्ग फोर्स्टरसोबत त्याने १७९० मध्ये युरोपात प्रवास केला आणि दूरदेशी जायची ओढ आणखी वाढली. तरीही आईच्या इच्छेला मान देऊन तो फ्रायबर्गच्या प्रसिद्ध खाणशाळेत शिकला आणि १७९२ मध्ये प्रशियाच्या खाण खात्यात रुजू झाला.

तिथे त्याने केलेलं काम पाहण्यासारखं आहे. खाणीतून धातू किती निघतो, एवढंच पाहून तो थांबला नाही. खाणकामगारांसाठी त्याने शाळा काढली. विषारी हवेत वापरता येईल असा दिवा आणि श्वास घेण्यासाठीचा मुखवटा तयार केला. जमिनीखालचा खडक आणि तो फोडणारा माणूस या दोघांचा विचार एकत्र करायचा, ही सवय त्याला तेव्हापासूनच होती.

१७९६ मध्ये आई वारली. वारसाहक्काने मोठी संपत्ती हाती आली. हम्बोल्टने नोकरी सोडली, मोजमापाची उत्तमोत्तम उपकरणं विकत घेतली आणि वनस्पतीतज्ज्ञ एमे बोनप्लाँ याला सोबत घेतलं. स्पेनच्या राजाकडून त्याने दक्षिण अमेरिकेतल्या वसाहतींत फिरण्याचा परवाना मिळवला. जून १७९९ मध्ये जहाज निघालं.

तळं आटतंय, पण का?

जुलै १७९९ मध्ये दोघे आजच्या व्हेनेझुएलातल्या कुमाना इथे उतरले. पुढच्या वर्षी ते व्हॅलेन्सिया सरोवराजवळ पोहोचले. भोवती डोंगर, मध्ये सुपीक खोरं आणि पाणी समुद्रापर्यंत वाहून नेणारी एकही नदी नाही, अशी तिथली रचना. सरोवराचं पाणी वर्षानुवर्षं खाली जात होतं. जमिनीखाली एखादी वाट असेल आणि पाणी तिथून निघून जात असेल, असं बऱ्याच स्थानिकांना वाटत होतं.

हम्बोल्टने आसपासचा सगळा परिसर पाहिला आणि वेगळंच उत्तर दिलं. शेतीसाठी डोंगरउतारांवरची झाडं तोडली गेली होती. झाडं गेल्यावर पावसाचं पाणी मुरेना. जोराचा पाऊस आला की ते माती घेऊन वाहून जाई आणि एरवी झरे कोरडे पडत. शिवाय निळीसारख्या नगदी पिकांसाठी ओढ्यांचं पाणी वळवून घेतलं जात होतं. म्हणजे सरोवरात येणारं पाणी घटलं होतं आणि बाष्पीभवन तर चालूच होतं.

हे उत्तर नीट पाहा. त्यात जंगल आहे, माती आहे, पाऊस आहे आणि दूरच्या बाजारात विकली जाणारी नीळही आहे. आज आपण ज्यांना प्राकृतिक, आर्थिक आणि पर्यावरणीय भूगोल अशा वेगळ्या शाखा म्हणतो, त्या इथे एकाच तळ्याकाठी एकत्र आल्या होत्या. माणूस आपल्या परिसराचं हवापाणी बदलू शकतो, ही गोष्ट त्याच्या इथल्या निरीक्षणांतून पुढे आली.

एका डोंगरावर सगळी पृथ्वी

यानंतर तो ओरिनोको नदीतून आत शिरला. ही नदी कासिकियारे नावाच्या प्रवाहाने ॲमेझॉनच्या खोऱ्याला जोडलेली आहे, हे त्याने स्वतः प्रवास करून पक्कं केलं. मग क्युबा आणि तिथून अँडीज पर्वत.

२३ जून १८०२ रोजी हम्बोल्ट, बोनप्लाँ आणि त्यांचे सोबती आजच्या इक्वाडोरमधल्या चिंबोराझोवर चढले. हे शिखर तेव्हा जगातलं सर्वांत उंच मानलं जाई. विरळ हवेने श्वास लागत होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. शेवटी एका मोठ्या भेगेने वाट अडवली. शिखर हाती आलं नाही, पण ते सुमारे ५,९०० मीटर उंचीपर्यंत पोहोचले होते.

शिखरापेक्षा मोठी गोष्ट त्याला वाटेत सापडली. पायथ्याशी उष्ण प्रदेशातली झाडं, वर गेल्यावर थंड हवेतली, त्याच्या वर गवत, मग दगडफूल आणि शेवटी बर्फ. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना वनस्पती जशा बदलत जातात, तशाच त्या एका डोंगरावर थरांसारख्या रचलेल्या होत्या. युरोपात परतल्यावर त्याने डोंगराचा उभा छेद काढला आणि कोणत्या उंचीवर कोणती वनस्पती, किती तापमान, कोणतं पीक हे सगळं एकाच चित्रात मांडलं. १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून वनस्पती भूगोलाचा पाया घातला गेला.

नकाशावरच्या समताप रेषाही त्याच्याच. समान सरासरी तापमानाची ठिकाणं रेषेने जोडायची, ही पद्धत त्याने १८१७ मध्ये मांडली. या रेषा अक्षवृत्तांना समांतर जात नाहीत. एकाच अक्षांशावर असूनही युरोपचा पश्चिम किनारा उबदार आणि उत्तर अमेरिकेचा पूर्व किनारा थंड असतो. म्हणजे केवळ अक्षांशावरून हवामान सांगता येत नाही. समुद्र, वारे, उंची हे सगळंच पाहावं लागतं.

साखरेच्या पोत्यामागचा माणूस

कुमानात तो राहत होता त्या घरासमोरच्या चौकात गुलामांचा बाजार भरायचा. ते दृश्य तो आयुष्यभर विसरला नाही. मेक्सिकोत वर्षभर राहून त्याने लोकसंख्या, शेती, चांदीच्या खाणी यांची आकडेवारी गोळा केली आणि तिथली भयंकर विषमताही नोंदवली. क्युबावरच्या १८२६ च्या ग्रंथात साखरेच्या निर्यातीच्या आकड्यांबरोबर गुलामीवर कडक टीका करणारं प्रकरण होतं. ती साखर कुणाच्या श्रमातून येते, हे सांगितल्याशिवाय त्या बेटाचा भूगोल पूर्ण होत नाही, ही त्याची भूमिका होती.

१८५६ मध्ये अमेरिकेत या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर निघालं आणि नेमकं हेच प्रकरण गाळलं गेलं. ८६ वर्षांच्या हम्बोल्टने वृत्तपत्रांतून जाहीर निषेध केला. पुढच्याच वर्षी प्रशियात कायदा झाला की, या भूमीवर पाय ठेवणारा गुलाम स्वतंत्र होईल. त्यासाठी त्यानेही प्रयत्न केले होते.

हिमालयाचं बंद दार

हिमालय अँडीजहून उंच आहे, असं भारतातल्या इंग्रज सर्वेक्षकांच्या मोजणीतून पुढे येऊ लागलं, तेव्हा हम्बोल्टला दोन्ही पर्वतांची तुलना करायची होती. १८१४ पासून त्याने लंडनला अनेक चकरा मारल्या. प्रशियाच्या राजाने खर्चाची तयारी दाखवली. पण ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी दिलीच नाही. कंपनीने कारण कधी जाहीर केलं नाही. मात्र स्पेनच्या वसाहतींत फिरून तिथल्या अन्यायाबद्दल लिहिणारा माणूस आपल्या मुलखात नको, असं कंपनीला वाटलं असावं, असं बहुतेक चरित्रकार मानतात.

तोवर वारशाचे पैसे प्रवासात आणि ग्रंथांच्या छपाईत संपले होते. १८२७ मध्ये तो बर्लिनला परतला आणि राजाच्या पगारावर दरबारी झाला. तिथे त्याने सर्वांसाठी मोफत व्याख्यानं दिली. विद्यापीठाची दारं बंद असलेल्या स्त्रियाही ती ऐकायला गर्दी करत.

१८२९ मध्ये रशियाच्या झारच्या खर्चाने तो उरल आणि अल्ताई पर्वतांपर्यंत गेला. अट अशी की तिथल्या लोकांच्या स्थितीबद्दल बोलायचं नाही. रशियात तेव्हा लाखो भूदास होते. हम्बोल्टने अट मान्य केली आणि पाळलीही. भारताचं दार एकदा बंद झालं होतं. हे दुसरं दार उघडायला त्याने गप्प राहण्याची किंमत मोजली. त्याच्या आयुष्यातली ही बोचणारी बाजू लपवण्यात अर्थ नाही.

निसर्गाबद्दल मात्र तो गप्प बसला नाही. या प्रवासावरच्या १८४३ च्या ग्रंथात त्याने माणूस हवामान कसा बदलतो, याचे तीन मार्ग सांगितले: जंगलतोड, पाण्याच्या वाटपातले बदल आणि उद्योगांच्या केंद्रांतून बाहेर पडणारी वाफ व वायू. यातला तिसरा मार्ग आज आपल्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तो आला नाही, त्याची पद्धत आली

सगळं ज्ञान एकत्र गुंफणारा ‘कॉसमॉस’ हा ग्रंथ त्याने सत्तरी ओलांडल्यावर छापायला दिला. पहिला खंड १८४५ मध्ये आला. पाचवा अपुराच राहिला. ६ मे १८५९ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, बर्लिनमध्ये त्याचं निधन झालं.

पृथ्वीचं चुंबकत्व समजायचं तर जगभर एकाच पद्धतीने नोंदी घ्यायला हव्यात, असा आग्रह धरून त्याने १८३६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं होतं. त्यानंतर ब्रिटिश वसाहतींत चुंबकीय नोंदींची केंद्रं उभी राहिली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ मध्ये अशा नोंदी सुरू झाल्या. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून हे काम अलिबागला नेलं गेलं, आणि १९०४ पासून तिथे नोंदी होत आहेत. ज्या कंपनीने हम्बोल्टला येऊ दिलं नाही, तिच्याच वेधशाळेत त्याने आग्रह धरलेल्या नोंदी होऊ लागल्या.

पुढच्या वेळी एखाद्या गावची विहीर आटल्याची बातमी वाचाल, तेव्हा वरच्या डोंगरावर काय तोडलं गेलं, खाली कोणतं पीक लागलं, ते कुठे विकलं जातं आणि त्यात राबतं कोण, हे चारही प्रश्न एकत्र विचारून पाहा. भौगोलिक कारण म्हणतात ते हेच.