हर्ष देणाऱ्या संख्यांचे मास्तर

हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात ओपीडी सुरू असताना १३२ नंबरचा केसपेपर समोर आला, की मी मनातल्या मनात बेरीज करतो. १ + ३ + २ = ६. आणि १३२ ला ६ ने भागले की बाकी शून्य. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्येला ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या शाळामास्तरांनी दिले.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आई लहानपणीच वारली. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यापुढची पदवी नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे ते नाशिकजवळ देवळालीला शिकवत राहिले.

रेल्वे प्रवासातही त्यांचे गणित चाले. तेव्हाचे डेमलो स्टेशन म्हणजे आजचे डोंबिवली. तिथे सुचलेल्या संख्यांना त्यांनी ‘डेमलो’ हेच नाव ठेवले. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ही त्यांतलीच उदाहरणे.

या नुसत्या एकांच्या संख्यांत एक न सुटलेला प्रश्न आहे. एकांची गणती संयुक्त असेल, तर ती संख्याही संयुक्तच असते. सहा एक लिहा, ११ ने भाग जाईल. पण गणती मूळ असूनही १११ म्हणजे ३ गुणिले ३७ निघते. ११ मात्र मूळ आहे. १९ एकांची आणि २३ एकांची संख्याही मूळ आहे. अशा मूळ संख्या अनंत आहेत का? आजवर कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.

कापरेकरांना देशातल्या अनेक गणितज्ञांनी फारसे मानले नाही. १९७५ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात लिहिले, तेव्हा जगभर नाव झाले. तोवर ते निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. पेन्शन पुरत नसल्याने ते शिकवण्या घेत. १९८६ मध्ये ते गेले.

निवृत्तीनंतर वेळ खायला उठतो, अशी तक्रार घेऊन बरेच जण माझ्याकडे येतात. आकडेमोडीने विसरभोळेपणा टळेल, अशी हमी मी देत नाही. पण पेन्सिल, कागद आणि एक न सुटलेला प्रश्न यांवर माणूस म्हातारपणीही रमतो, हे कापरेकर मास्तरांनी दाखवून दिले आहे. पुढच्या वेळी रांगेत थांबाल, तेव्हा आपल्या केसपेपरचा नंबर तपासून पाहा.